बांधावरचे पूर्वज

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शेतकऱ्याचें सारें आयुष्य एका ओळींत मावतें. महसूल खात्यांत लेखणी झिजवितांना अशा हजारों ओळी आम्हीं लिहिल्या. परंतु आमच्याच आजोबांविषयीं जुन्या उताऱ्यावर नांव व क्षेत्र यांपलीकडे कांहीं सांपडलें नाहीं.

पनवेलच्या खाडीकांठीं त्यांची खारजमीन होती. चिखलाचे बांध घालून भरती अडवावयाची, ओहोटीस उघाडी उघडून शेतांतलें पाणी सोडावयाचें, हा त्यांचा पावसाळ्यांतील क्रम. उधाणांत बांधास खांड पडली तर सारा गांव रात्रींच टोपल्या घेऊन धांवे. कारण एकाच्या कुचराईनें सर्वांच्या शेतांत खारें पाणी शिरे, आणि पुढें पावसानें मीठ धुऊन निघेपर्यंत कित्येक हंगाम फुकट जात. एवढें सोसून जें भात पिके तें बहुधा तांबडें, राता जातीचें.

1970 सालीं सिडको स्थापन झाली व 95 गांवांच्या जमिनी नव्या मुंबईसाठीं घेण्याचें ठरलें. योग्य मोबदल्यासाठीं 1984 च्या जानेवारींत जासई परिसरांत पांच शेतकऱ्यांनीं प्राण दिले; त्यांचें स्मरण होतें, हें उचितच. परंतु हें शहर ओसाड खाजणावर वसलें असें कोणी म्हणतो, तेव्हां बांध राखणाऱ्या पिढ्यांवर अन्याय होतो. मोजणींत क्षेत्र आलें, बांधाचे कष्ट आले नाहींत.

सबब ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत त्यांनीं कोणता बांध कोणीं घातला, उघाडी कोठें होती, बियाणें कसें राखीत, हें आतांच वहींत उतरून घ्यावें. आमच्या थोरल्या आत्यास हें सर्व मुखोद्गत होतें. पेन्शनीवर आल्यावर निवांत विचारूं, असें आम्हीं ठरविलें होतें. ती दोन महिने आधींच गेली.