उत्तर न देण्याचा अधिकार

उत्सवाच्या समारोपास सभामंडपात पाहुण्यांचे भाषण व्हावे आणि त्यात ‘आजच्या तरुणांना कष्ट नकोत, खुर्ची हवी’ हे वाक्य यावे, हा आता आरतीइतकाच ठरलेला विधी झाला आहे. यंदा ते ऐकताना आमच्या शेजारी आमचा भाचा बसला होता. त्याने टाळी वाजविली नाही; आम्हीही वाजविली नाही.

या मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा अभ्यासक्रम पुरा केला व एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीसाठी संगणकावरून अर्ज केला. एकच प्रमाणपत्र त्याच्याकडून तीनदा मागविण्यात आले. मुलाखतीचे बोलावणे आले ते रात्री दहाला, दुसऱ्या दिवशी सकाळी आठचे! फोंड्याहून पहिल्या बसने तो गेला, पहारेकऱ्याच्या खोलीबाहेर चार वाजेपर्यंत बसला, आणि ‘साहेब आज आले नाहीत, कळवू’ एवढे ऐकून परतला. त्यास सात महिने झाले. आम्ही वकिलीच्या कागदावर पत्र धाडले. त्याचेही उत्तर नाही. दरम्यान त्याच जागांची जाहिरात पुन्हा झळकली.

कोणी म्हणेल, अर्जांच्या राशी पडतात, प्रत्येकास उत्तर कोण देणार? जे यंत्र रात्री-अपरात्री प्रमाणपत्र मागू शकते, त्यास नकाराची एक ओळ जड का व्हावी? आमच्या देवळात पखवाज शिकविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. मुलाचा हात घटकाभर पाहून ‘तुला हे जमायचे नाही’ असे ते तोंडावर सांगत. (आम्हांसही त्यांनी तसेच सांगितले होते.) वाईट वाटे, पण मुलगा दुसऱ्या दिवसापासून दुसरे काही शिकावयास मोकळा होई.

आता कायदा पाहू. शिकाऊ उमेदवार घेणे ही कारखानदाराची मेहेरबानी नव्हे. 1961 चा अधिनियम व 2019 ची नियमदुरुस्ती यांन्वये 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी माणसे धरून, 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घेतलेच पाहिजेत. हे न करणाऱ्यास पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कारावास सांगितला होता. 2014 च्या दुरुस्तीने तो गेला व दंड उरला. मालक व शिकाऊ यांच्यात तंटा झाल्यास कलम 20 अन्वये तो शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढे जातो. पण कोणता तंटा? करारातून उद्भवलेला. ज्याच्याशी करारच झाला नाही, त्याने कोणाचे दार ठोठावावे? आत गेलेल्यास दाद आहे, दारात ताटकळणाऱ्यास नाही. आणि आमच्या भाच्याची विटंबना झाली ती दारातच.

म्हणून आमची मागणी एका पोटकलमाची आहे: अर्ज पोहोचल्यापासून 30 दिवसांत लेखी होकार वा नकार, आणि नकार असेल तर त्याचे कारण. ते होईपर्यंत ज्या वाचकांच्या घरी असा अर्ज अडकून पडला असेल, त्यांनी तारीखवार टिपण ठेवावे व त्याची एक प्रत सल्लागाराच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी. कलमात बसत नाही म्हणून ती परत येईल. येऊ द्या, आवक-नोंदवहीत आकडा तर चढेल. आमच्या भाच्याची प्रत गेल्या सोमवारी दिली आहे.