एकच किल्ली, अनेक कुलुपे

१९३० च्या २५ सप्टेंबर रोजी जंगल सत्याग्रहात ज्या चिरनेरने आपले रक्त सांडले, त्या गावचा तरुण आज नोकरीचा अर्ज, महाविद्यालयाचा प्रवेश आणि रेल्वेचे तिकीट ही कामे मुंबईकरांप्रमाणेच मोबाइलवर उरकतो. प्रत्येक ठिकाणी त्याच्याकडे ई-मेलचा पत्ता मागितला जातो आणि तो सर्वत्र एकच पत्ता देतो. (ज्याच्यापाशी तोही नसतो, त्याच्या अर्जावर कित्येकदा अर्ज भरून देणारा दुकानदार स्वतःचाच पत्ता घालतो, म्हणजे खाते एकाचे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात!)

हा निष्काळजीपणा महाग पडणारा आहे. २०२० साली बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर पडली. २०२१ साली एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची. अशा याद्यांतील पत्ता व पासवर्ड घेऊन चोर इतर दारे ठोठावीत सुटतो. शिवाय निरनिराळ्या याद्या त्या एका पत्त्याने जोडल्या की माणसाचे सारे आयुष्य परक्याच्या चोपडीत उतरते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक खात्यास निराळा पत्ता देणे. टपाल मात्र सारे एकाच पेटीत येते. किराणावाल्यास दिलेल्या पत्त्यावर एखाद्या सावकारी कंपनीचे पत्र आले, तर माहिती कोठून फुटली हे उमगते, आणि तेवढाच पत्ता बंद करता येतो. जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह व एखादा शब्द जोडून हे साधते. पण ते शेपूट कोणीही छाटू शकतो, म्हणून ॲपल किंवा फायरफॉक्स पुरवितात तसे पूर्णतः वेगळे पत्ते अधिक बरे. बँक व प्राप्तिकर यांच्यासाठी मात्र असा उसना पत्ता वापरू नये. पुरविणाऱ्याने दुकान मिटले तर आपणच दाराबाहेर राहू.

हे तत्त्व सरकारलाही परके नाही. आधार क्रमांक उघड करावा लागू नये म्हणून २०१८ साली सोळा अंकी, बदलता येणारा पर्यायी क्रमांक सरकारनेच दिला. तो किती जण वापरतात, हा प्रश्न निराळा!

तथापि आपल्याकडे खरी अडचण मोबाइल क्रमांकाची आहे. पत्ते पन्नास केले तरी क्रमांक एकच, आणि तो साबणाच्या वडीच्या बिलासाठीही मागितला जातो. ग्राहकावर अशी सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांस बजावले होते. गल्ल्यावर बसलेल्यास त्याची आठवण करून देण्याचे काम ग्राहकानेच केले पाहिजे, आणि तेही संकोच न बाळगता, असे आमचे मत आहे.