प्रतिज्ञा सक्तीची नको, समजून घेतलेली हवी

शाळेत आम्ही रोज हात पुढे करून प्रतिज्ञा म्हटली. पी. व्ही. सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली. पण त्यातली बंधुता पाणवठ्यापर्यंत किती पोहोचली?

केरळमध्ये राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी तीन मुले शाळेतून काढली गेली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला. न गाणे म्हणजे अपमान नव्हे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा आपल्या माणसांनी स्वेच्छेने घेतल्या, म्हणून आयुष्ये बदलली. आमचा विरोध प्रतिज्ञेला नाही, सक्तीला आहे. नागरिकाची निष्ठा तपासणाऱ्या शासनाने आधी कलम १७ पाळून दाखवावे. आणि आपणही संविधानाची उद्देशिका मुलांकडून नुसती पाठ करून घेऊ नये, समजावून सांगावी.

जय भीम!