दाराला कायदा, अंथरुणाला नाही

बंगल्याच्या दारावर पहारेकरी पुरवायचा असेल तर एजन्सीला परवाना लागतो. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ साली झाला. त्यात पहारेकऱ्याची चारित्र्य पडताळणी आहे, प्रशिक्षणाची अट आहे. त्याच बंगल्यात अर्धांगवायूने पडलेल्या म्हाताऱ्याला नळीवाटे अन्न द्यायला बाई पुरवायची असेल, तर एक मोबाईल, एक वही आणि दुकान कायद्याखालची नोंद पुरते!

महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा १९४९चा कायदा आहे. पण त्याची व्याख्या जागेला बांधलेली. रुग्णांना ठेवून घेण्याची जागा म्हणजे नर्सिंग होम. रुग्णाचे स्वतःचे घर त्यात बसत नाही. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. परिचर्या परिषदेकडे नोंद असते ती शिकलेल्या परिचारिकेची, ब्युरोने पांढरा कोट चढवून पाठवलेल्या मावशीची नव्हे. घरचे मात्र तिला 'सिस्टर' म्हणतात आणि इन्सुलिनची सुई हातात देतात.

बाजारवाले म्हणतात, स्पर्धा आहे, दर्जा आपोआप सुधारेल. कसा सुधारेल? ग्राहकाला आधी दिसतो तो फक्त दर. रुग्णाची कूस वेळेवर बदलली की नाही, हे पाठीला जखम झाल्यावर कळते. म्हणून ब्युरो दरावर लढतात आणि उतरवलेला दर बाईच्या मजुरीतून वसूल होतो. बारा तासांची पाळी, वर कमिशन, आणि सुट्टी मागितली की काम गेले. या बाया कोणत्या वस्त्यांतून येतात? दुसऱ्याचे मलमूत्र काढण्याचे काम या देशात कोणाच्या वाट्याला येते, हे आपल्या वाचकाला सांगायला नको.

१९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्यावर ब्युरोंची पळवाट ठरलेली: 'आम्ही फक्त माणूस गाठून देतो.' कमिशन ब्युरोचे, जबाबदारी बाईची. चोरीचा आळ आला तर चौकीत तीच.

तेव्हा परवाना हवा, तो ब्युरोला. करार लेखी हवा आणि मावशीने कोणती कामे करायचीच नाहीत, हे त्यात लिहिलेले हवे. प्रशिक्षणाचा खर्च ब्युरोने सोसावा. मात्र दहावी-बारावीची अट घालून वीस वर्षे अंथरुणे सांभाळलेल्या बायांना बाहेर काढू नये. त्यांच्या हाताची परीक्षा घ्या, दाखला त्यावर द्या.