खडकावर राहणारी खूण

प्रस्तरारोहणाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते त्यात धाडसाचे कौतुक असते, निसर्गाचे वर्णन असते. नीतीची चर्चा क्वचितच असते. वस्तुतः या खेळातील सर्वांत कडवा वाद नीतीचाच आहे. माणूस चढून गेल्यावर खडकावर काय राहावे, हा तो वाद.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोरे ही या वादाची प्रमुख रणभूमी. हिमनद्यांनी कोरून काढलेला तिथला ग्रॅनाइट कठीण, एकसंध आणि पुष्कळ ठिकाणी गुळगुळीत आहे. धरायला खाचखळगे कमी. असते ती कड्यातून सरळ वर गेलेली एखादी फट. दोराच्या एकाच लांबीत, म्हणजे तीस-चाळीस मीटरांत, संपणारी अशी एक फट घेऊ. पुढे चढणारा त्या फटीत हात घालतो आणि अंगठा तळव्याकडे दाबतो. हात आतल्या आत जाड होऊन पाचरीसारखा बसतो. पायाचा पंजा आडवा आत सारून पिळला की तोही घट्ट बसतो. काही अंतर चढल्यावर तो कमरेला लटकणाऱ्या साधनांतून फटीच्या मापाचे एक निवडतो, आत बसवतो आणि त्यात दोर अडकवतो. शेवटच्या साधनाच्या तीन मीटर वर असताना हात सुटला तर किमान सहा मीटर पडणे आले. मागून येणारा जोडीदार ती सर्व साधने काढत येतो. खडक होता तसाच राहतो. याला 'पारंपरिक' आरोहण म्हणतात. आधीच भोके पाडून बसवलेल्या बोल्टांत दोर अडकवत जाणे ही निराळी पद्धत.

पण ही परंपरा नावावरून वाटते तितकी जुनी नाही. १९७०च्या आसपासपर्यंत योसेमिटीत हातोडा आणि पिटॉन, म्हणजे फटीत ठोकायचे खिळे, यांचेच राज्य होते. युरोपातील पिटॉन मऊ लोखंडाचे असत. एकदा ठोकले की बहुधा तिथेच राहत. १९४०च्या दशकात जॉन सालाथे या लोहारकाम जाणणाऱ्या आरोहकाने कठीण पोलादाचे पिटॉन घडवले. ते काढून पुन्हा वापरता येत. खडकावर काही राहू नये, या दृष्टीने ही सुधारणाच होती. परिणाम मात्र उलटा झाला. प्रत्येक जोडी येऊन ठोकू लागली आणि उपसू लागली. फटींच्या कडा झिजल्या, भोके पडली. ज्या साधनामुळे खिळा मागे राहत नव्हता, त्याच साधनाने जखम मागे ठेवली.

१९७२ साली इव्हाँ शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्या मालाच्या सूचीपत्रातच पिटॉनविरुद्ध भूमिका घेतली आणि हाताने बसवता-काढता येणाऱ्या धातूच्या पाचरींचा पुरस्कार केला. त्याच सूचीपत्रात डग रॉबिन्सन यांचा या साधनांवरील दीर्घ निबंध होता. पिटॉन हा या दोघांच्या धंद्याचा कणा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भूमिकेचे मोल कळते.

येथवरची कथा सरळ आहे; पुढे ती अडचणीची होते. योसेमिटीतील 'सेरेनिटी क्रॅक' या मार्गाच्या पहिल्या लांबीत आज बोटे घालायला जी भोके मिळतात ती पिटॉनच्या घावांनी पडलेली आहेत. हातोडा न बाळगणारा आजचा आरोहक जुन्या हातोड्याच्या खुणा धरूनच वर जातो. रे जार्डिन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. दोर ताणला की पसरून फटीच्या दोन्ही बाजूंना दाबणाऱ्या पाकळ्यांचे 'फ्रेंड' हे साधन त्यांनी शोधले. ते वापरून १९७७ साली त्यांनी 'फिनिक्स' ही एका लांबीची फट केवळ हातापायांच्या बळावर चढून दाखवली. त्या काळची ती सर्वांत अवघड चढाई मानली जाते. खडकाला ओरखडाही न काढणारे साधन देणाऱ्या याच माणसाने पुढे एल कॅपिटनवरील 'नोज' मार्गावर छिन्नीने खोबणी पाडल्या. त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली, आणि ती योग्यच होती. मात्र १९९३ साली लिन हिल यांनी 'नोज' प्रथमच मुक्तपणे चढून जो इतिहास घडवला, त्याची वाट त्याच खोबणींवरून गेली होती.

यावरून 'सारे सारखेच' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो आळशीपणाचा आहे. वृत्तात लिहिणारा कवी बंधन स्वीकारतो, म्हणून मुक्तछंदवाल्यापेक्षा नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ ठरत नाही. तिथे चुकले तर फार तर कविता बिघडते. फटीचे तसे नाही. ती एकच असते, आणि माझ्यानंतर येणाऱ्याला माझे खाडाखोड केलेले हस्तलिखितच वाचावे लागते. म्हणून पारंपरिक आरोहणाचे मूल्य मला शौर्यात दिसत नाही, शुद्धतेच्या दाव्यात तर मुळीच नाही. पूर्वजांच्या घावांचा लाभ घेत असूनही नवा घाव न घालणे, यात ते आहे. हा संयम आपण निष्कलंक असल्यामुळे नव्हे, तर ऋणी असल्यामुळे पाळायचा असतो.

हा नियम सर्वत्र जशाच्या तसा लावावा, असे मात्र नाही. आपल्या सह्याद्रीचा बसॉल्ट थराथरांचा, पुष्कळ ठिकाणी ठिसूळ. साधन धरून ठेवील अशी फट हवी तिथे मिळेलच असे नाही. तिथे बोल्ट मारणाऱ्याला ग्रॅनाइटची नीती ऐकवणे हा नुसता दंभ होईल. पण शेजारी उत्तम फट असताना सोयीखातर भोक पाडणे कोणत्याही खडकावर असमर्थनीयच.

एक साधी अपेक्षा आहे. मार्गदर्शिकांत मार्गाची श्रेणी येते, प्रथम चढणाऱ्याचे नाव येते. त्यासोबत ती फट आधी कशी होती, कशाने बदलली, याची नोंदही यावी. म्हणजे ज्या खुणेत आपण बोटे घालतो ती कोणाच्या हातोड्याची, हे चढणाऱ्याला ठाऊक राहील.