पाहुण्याचे पथ्य आणि पालिकेचा हुकूम

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. वर्षावासाचे तीन महिने या घरात पाहुण्यांचा राबता असतो. विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असते, गावाकडची मंडळी येऊन-जाऊन असतात आणि एखाद्या रविवारी भन्तेजींना भोजनदान असते. भन्तेजी म्हणजे सर्वांत कडक पथ्याचे पाहुणे. दुपारी बाराच्या आत जेवण उरकले पाहिजे. त्यानंतर स्वयंपाक कितीही फक्कड असो, ते घास घेणार नाहीत. त्या दिवशी माझी पत्नी पहाटे चारला उठते, पण तिला कधी कुरकुर करताना ऐकले नाही. विकाल भोजन न करण्याचा नियम भन्तेजींनी स्वतःवर घालून घेतला आहे. आम्ही रात्री जेवतो म्हणून त्यांनी आम्हाला कधी कमी लेखलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलगी चांगल्या गुणांनी बारावी पास झाली तेव्हा तिला शिकवणाऱ्या बाईंना आम्ही सहकुटुंब जेवायला बोलावले. बाई डोंबिवलीच्या, धर्माने जैन. त्यांनी फोनवर संकोचत विचारले, "ताई, आमचे फार नियम आहेत हो, तुम्हाला त्रास होईल." पत्नी म्हणाली, "सांगा तर खरे." मग यादी झाली. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा नाही. वांगे बहुबीज म्हणून नाही. ओले आले नाही, पण सुंठ चालते, आणि वाळलेल्या हळकुंडाची हळदही चालते. कच्च्या दह्या-ताकात डाळीचे पीठ कालवायचे नाही, ते द्विदळ होते. ताक आधी तापवून घेतले तर हरकत नाही. आणि सर्व काही सूर्यास्ताच्या आत.

आम्ही मूळचे मराठवाड्याचे. लसणाशिवाय कालवण म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचे जेवण! तरी पत्नीने चार दिवस आधीच येसराचा घाट घातला. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, तीळ, सुके खोबरे, मिरे, दालचिनी, लाल मिरची हे सारे वेगवेगळे खरपूस भाजून कुटले. कांदा-लसणाची उणीव हिंग भरून काढतो म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. हिंग वास देतो. कालवणाला अंग येते ते भाजलेल्या धान्याने, तिळाने आणि खोबऱ्याने. त्या येसराची आमटी, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची शेंगदाण्याचा कूट लावलेली भाजी, सुंठ घातलेली कढी, ज्वारीची भाकरी, भात. संध्याकाळी सहाला पंगत बसली. बाईंच्या यजमानांनी आमटी तीनदा मागून घेतली आणि जाताना बाईंनी डबीभर येसर मागून नेले. पत्नीला त्या डबीचा आनंद आजही आहे. आपल्या हातचे कोणी मागून नेणे ही गोष्ट आमच्या आजीच्या वाट्याला कधी आली नव्हती.

आता दुसऱ्या पाहुण्याचे ऐका. माझ्या कार्यालयातील एक साहेब, ठाण्याला राहणारे, जातीने पुढारलेले. मुलीच्या यशाबद्दल पेढा घ्यायला म्हणून आले. हे साहेब शाकाहारी नाहीत. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात त्यांनी माझ्यादेखत अनेकदा खिमा-पाव खाल्ला आहे, तोही माझ्याच पैशाने. पत्नीने थाळी वाढायला घेतली तेव्हा म्हणाले, "वहिनी, आज माझा उपवास आहे." ती म्हणाली, "मग साबुदाण्याची खिचडी टाकते, दहा मिनिटांत होईल." "नको, नको." "दूध तरी?" "नको." शेवटी त्यांनी एक केळे घेतले. स्वतःच्या हाताने सोलले आणि खाल्ले. पाण्याची बाटली त्यांच्या बॅगेत होतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच साहेब, तेच हॉटेल, तोच खिमा!

सालीचे फळ कोणाच्याही घरी चालते हे शास्त्र आमच्या समाजातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. भांडे लागत नाही, हात लागत नाही, चूल लागत नाही. जैन बाईंनी वीस पदार्थ वर्ज्य सांगितले, पण आमची चूल वर्ज्य धरली नाही. साहेबांना एकही पदार्थ वर्ज्य नव्हता, वर्ज्य होती ती फक्त आमची चूल. पहिल्याला पथ्य म्हणतात आणि त्यासाठी आम्ही पहाटे चारला उठू. दुसऱ्याला काय म्हणतात ते या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

हे आज लिहिण्याचे कारण कल्याण-डोंबिवली महानगरपालिका. १५ ऑगस्ट २०२५ रोजी, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, पालिकेने आपल्या हद्दीत मांसविक्रीची दुकाने आणि कत्तलखाने चोवीस तास बंद ठेवण्याचा आदेश काढला. तो शुक्रवार होता, जोडून शनिवार-रविवार. परभणीहून साडू सहकुटुंब आले होते आणि वर्षातून एकदा येणाऱ्या त्या माणसाला मटणाचा रस्सा नि बाजरीची भाकरी एवढीच अपेक्षा होती. ओरड झाल्यावर खुलासा आला की ठराव १९८८ चा आहे, असा आदेश दरवर्षी निघतो, आणि खाण्यावर बंदी नाही. म्हणजे खा, पण मिळवू नका! जितेंद्र आव्हाड यांनी त्या दिवशी मटण पार्टी जाहीर केली. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशी बंदी योग्य नसल्याचे सांगितले. वाहिन्यांना दोन दिवसांचे खाद्य मिळाले आणि विषय पार्टीपुरता उरला. सुट्टीच्या दिवशी ज्याचा सर्वांत जास्त धंदा होतो त्या खाटकाचा आणि कोंबडीवाल्याचा रोजगार बुडाला, त्याची भरपाई कोणी मागितली?

कोणी म्हणेल, न्यायालयाने अशा बंद्या मान्य केल्या आहेत. खरे आहे. अहमदाबादमध्ये पर्युषण काळात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैध ठरवला. पण तेथे एका समाजाच्या व्रताचा आदर हे कारण तरी सांगितले गेले. स्वातंत्र्यदिन हे कोणाचे व्रत आहे? तिरंग्याला मटणाचा विटाळ होतो, असे संविधानाच्या कोणत्या कलमात लिहिले आहे? ज्या दिवशी सर्वांनी मोकळे व्हायचे, त्या दिवशी एकाच्या ताटाचा नियम साऱ्या शहराच्या चुलीवर लादायचा, हे कारभाराच्या नावाखाली सोवळे पाळणे आहे.

दुसऱ्याच्या पंगतीवर हुकूम चालवण्याची ही खोड जुनी आहे. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकीकत नोंदवली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण घातले. पाहुण्यांची सरबराई चांगली व्हावी म्हणून त्याने पदार्थांत तूप वापरले. लोक जेवत असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि पाहुण्यांना बडवले. ध्यानात घ्या, तेथे मांस नव्हते. होते ते तूप, त्यांच्याच धर्मात सर्वांत शुद्ध मानलेले. म्हणजे पदार्थ शाकाहारी की मांसाहारी हा प्रश्न तेव्हाही नव्हता. यजमानाने आपल्या पाहुण्याला काय वाढावे हे ठरवणारा कोण, एवढाच प्रश्न होता.

आणि चकवारा फार दूर राहिलेले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ कल्याणला लेकीकडे निघाले होते. सोबत लेकीसाठी बरणीत मांस होते. धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये गोमांसाच्या संशयावरून तरुण सहप्रवाशांनी त्यांना मारहाण केली. म्हातारा बाप लेकीच्या कल्याणला उतरू शकला नाही, ठाण्याला उतरला. ते म्हशीचे मांस असल्याचे त्यांनी सांगितले होते, आणि २०१५ पासून लागू असलेल्या राज्याच्या गोवंश कायद्यात म्हैस येत नाही. पण डब्यातील त्या पोरांना कायदा कोठे हवा होता?

आपल्यातही काही मंडळी अलीकडे शाकाहारालाच धम्म समजू लागली आहेत आणि मटण खाणाऱ्या भावाकडे नाक मुरडू लागली आहेत. ज्यांनी स्वेच्छेने मांस सोडले त्यांना माझा मनापासून जयभीम. परंतु भिक्खूंना मांसाहार कायमचा बंद करा अशी मागणी देवदत्ताने केली तेव्हा तथागतांनी ती सक्ती नाकारली, हे विनयपिटकात आहे. ज्याला सोडायचे त्याने सोडावे, इतरांवर नियम नको, असा तो निर्णय होता. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले नसेल, ऐकले नसेल, तशी शंका नसेल, तर भिक्षेत पडलेले घ्यावे. आणि चुंद लोहाराच्या घरच्या जेवणानंतर तथागत आजारी पडले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम बजावले. सुजातेच्या खिरीइतकेच चुंदाचे भोजनदान पुण्याचे मानले. मरणाच्या दारात असताना यजमानाचे मन राखणारा तो पाहुणा होता!

२०२५ साली आदेश निघाला तेव्हा पालिकेवर प्रशासक होता, म्हणून जबाबदारी कोणाचीच नव्हती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह आले आहे. आपल्या मतांवर निवडून गेलेल्या नगरसेवकांनी १९८८ चा तो ठराव पटलावर घ्यावा, तो रद्द करण्याची सूचना मांडावी आणि नावानिशी मतदान मागावे. वॉर्डातील खाटीक, कोंबडीवाले आणि खाणावळवाल्या बायांच्या सह्यांचे निवेदन सोबत असावे. सह्या गोळा करायला आमच्या गल्लीतून मी निघतो.

साडूंनी पुढच्या १५ ऑगस्टचे आमंत्रण आताच स्वीकारले आहे. डोंबिवलीच्या बाईंनाही बोलावले आहे, त्यांच्यासाठी वेगळी चूल आणि येसराची आमटी, सूर्यास्ताच्या आत. ठाण्याच्या साहेबांनाही निरोप धाडला आहे. मात्र यंदा घरात केळी आणायची नाहीत, असे पत्नीने बजावले आहे.