खेपेमागे किती लिटर?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात पिकअपच्या रांगा लागतात. क्रेट चढत असतात, ताडपत्रीच्या दोऱ्या आवळल्या जात असतात आणि बाजूच्या चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "तुझी गाडी ॲव्हरेज किती देते?" कुणी बारा सांगतो, कुणी चौदा, एखादा छातीठोकपणे सोळा. त्यापुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. किती वजनावर? जाताना की येताना? कुठल्या घाटाने? या तीन गोष्टी सोबत नसतील तर चौदा काय आणि सोळा काय, त्या आकड्यावरून कुठलाही निर्णय घेता येत नाही. पिकअपवाल्यानं लिटरमागे किलोमीटर मोजणं सोडून खेपेमागे लिटर मोजायला लागावं, असं माझं ठाम मत आहे.

एकच उदाहरण घेतो. नारायणगाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि वाशीचा बाजार खाडीकाठी. टोमॅटो घेऊन निघालेली गाडी माळशेजने उतरते ती भरलेली, आणि चढते ती रिकामी. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, पण मुंबईकडून खताची पोती भरून वर आला तर हिशेब पार बदलतो. एक टन वजन सहाशे मीटर वर न्यायला इंजिनातल्या तोट्यासकट साधारण अर्धा लिटर डिझेल लागतं, आणि ते सपाट रस्त्यावरच्या खर्चाच्या वर. म्हणजे टोमॅटोवाल्याचे चौदा आणि खतवाल्याचे बारा यांत कमी कोण पडलं, हे आकड्यावरून ठरत नाही. खतवाल्याची गाडी कदाचित जास्त चांगल्या स्थितीत असेल.

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज ठरू लागले. गेली काही वर्षं महाराष्ट्रात लिटरला नव्वदीच्या घरात पैसे मोजावे लागत आहेत. महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणारी गाडी अकरावरून बारावर आली, तर साधारण २३ लिटर वाचतात, म्हणजे दोन हजार रुपये. हप्ता, विमा, टोल यांतलं काहीही मालकाच्या हातात नाही. हे दोन हजार आहेत.

पण ते वाचले की नाही, हे कळणार कसं? टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल करून आतल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागायचं. पद्धत सगळ्यांना माहीत आहे, चुकतं ते तपशिलात. पंप तोच हवा, जमलं तर नोझलही तेच, आणि गाडी सपाट जागी उभी हवी. पहिल्या ऑटो कटला थांबायचं. त्यानंतर "अजून थोडं बसेल" म्हणत राउंड फिगर केली की लिटर-दीड लिटरचा फरक पडलाच. २६ लिटर भरताना एका लिटरची चूक म्हणजे चार टक्के. तेवढी सुधारणा तर टायरची हवा नीट ठेवूनही मिळत नाही. म्हणून एका टाकीच्या आकड्याला काही अर्थ नाही. चार-पाच टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून मगच भागाकार करावा. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर बसवलेल्या बीएस-६ गाडीत साठलेली काजळी जाळायला मधूनच जादा डिझेल खर्च होतं, तेव्हा एखाद्या टाकीला ॲव्हरेज कमी दिसलं तर लगेच ड्रायव्हरवर संशय घेऊ नका.

वहीत तारीख, किलोमीटर आणि लिटर असतातच. त्यापुढे क्रेटची संख्या किंवा काट्याची पावती, गेलेला रस्ता, आणि परतताना गाडी भरलेली होती की रिकामी, एवढं लिहिलं की वही बोलायला लागते. टोमॅटोचा क्रेट साधारण वीस किलोचा, त्यामुळे ७५ क्रेट म्हणजे दीड टन, हे तोंडी जमतं. नव्या पिकअपमध्ये मोबाइलवर सगळं दाखवणारी यंत्रणा येते. महिंद्राची आयमॅक्स आहे, टाटाची फ्लीट एज आहे. ती जरूर वापरा. पण हौद्यात काय आणि किती भरलं होतं, ही नोंद वहीतच राहील.

खेपेमागे लिटर म्हणण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की एका गॅलनमागे किती मैल हे माप माणसाची दिशाभूल करतं. आपल्याकडे करून पाहा. एका मालकाकडे दोन गाड्या आहेत. जुनी आठवरून दहावर आली, नवी चौदावरून सतरावर. कौतुक नवीचं होणार, कारण तीन वाढले. हजार किलोमीटरला मात्र जुनीनं २५ लिटर वाचवले आणि नवीनं साडेबारा. गॅरेजमध्ये आधी कुठली गाडी न्यायची, याचं उत्तर इथे स्पष्ट आहे, आणि ते लिटर मोजल्याशिवाय दिसत नाही.

आता गॅरेजचं. हवा टायर गार असताना तपासायची, म्हणजे निघण्याआधी. पन्नास किलोमीटर पळाल्यावर मीटर चढाच आकडा दाखवतो. किती ठेवायची हे गाडीच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत असतं, भरलेल्या गाडीला मागच्या टायरसाठी वेगळं. पंपावर हवा मोफत मिळते, ती मागून घ्यावी. याहून दुर्लक्षित दुखणं म्हणजे चिकटलेला ब्रेक. लांबच्या फेरीनंतर चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात नेऊन पाहा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, तर गाडी जॅकवर घ्या, गियर काढा, हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज करत ते लगेच थांबलं, तर इंजिन इतके दिवस त्या ब्रेकशी झुंजत होतं आणि पैसे तुमचे जात होते. एअर फिल्टर, हाफ क्लच, उगाच चालू ठेवलेलं इंजिन यांबद्दल पुष्कळ सांगितलं गेलं आहे, आणि ते बरोबरच आहे.

वेगाबद्दल मात्र पुन्हा सांगायला हवं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो पावणेदोन पटींहून जास्त होतो, आणि पिकअपचा उंच केलेला पिंजरा व फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालतात. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना १९७८ पासून इंधन बचतीचा प्रचार करते. तिनं पंचेचाळीस ते पंचावन्नचा वेग सांगितला आहे. बाजार गाठायची घाई असलेल्याला तो परवडत नाही, हे मला समजतं. पण ऐंशीचे पासष्ट करणं बहुतेक खेपांत जमण्यासारखं आहे. वाशीला अर्धा तास उशीर चालणार नसेल, तर अर्धा तास लवकर निघावं.

बचतीच्या नावाखाली चालणारा एक प्रकार मात्र जीवघेणा आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकनं ४८ वाहनांना फटका दिला, तेव्हा चालकानं उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं पोलिसांनी सांगितलं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतचा तो उतार आजही तसाच आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं, तरी सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. आणि हे सगळं कशासाठी? गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घातला, ती बचतही होत नाही. घाटात ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं डिझेलच्या हिशेबातही खरं आहे.

या सवयीचा दोष मी एकट्या ड्रायव्हरला देणार नाही. कित्येक मालक खेपेला डिझेल ठरवून देतात; जास्त लागलं तर पगारातून कापतात. अशा माणसानं उतारावर न्यूट्रल मारलं, तर ती सक्ती मालकानेच केलेली असते. वही ड्रायव्हरच्या हातात असावी, मालकानं ती त्याच्यासोबत बसून वाचावी, आणि बचत झाली तर त्यातला वाटा त्याला रोख द्यावा. तुटीबद्दल मात्र पैसे कापू नयेत.

डिझेलच्या नळीला लावायची चुंबकं आणि टाकीत ओतायच्या बाटल्या घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशी शंभराहून अधिक उपकरणं पाहिली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. जादा माल भरल्यानं क्रेटमागे डिझेल कमी लागतं, हे खरं आहे. पण पाटे, क्लच आणि टायर त्याची वसुली करतात, ब्रेक अपुरे पडतात, आणि पकडलं तर दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर जादा टनामागे दोन हजार.

क्रेटमागचं डिझेल कमी करायचा सरळ मार्ग वहीतल्या शेवटच्या रकान्यात आहे. परतीच्या फेरीपुढे महिनाभर "रिकामी" असंच लिहिलेलं दिसतं, आणि ती फेरी घाट चढून यायची असते. वाशीहून किराणा, पत्रे, पाइप, बियाणं वर येतच असतं, फक्त ते दुसऱ्याच्या गाडीतून. गावातल्या आठ-दहा पिकअपवाल्यांनी परतीच्या मालाची चौकशी एकाच माणसावर सोपवली आणि आलेलं भाडं पाळीनं वाटून घेतलं, तर चढतीच्या डिझेलचा पैसा त्या भाड्यातून सुटेल. बाजार समित्यांनी यासाठी आवारात एक फलक आणि एक टेबल दिलं, तरी सुरुवात करता येईल. दिवाळीआधी किराणा मालाची वाहतूक वाढते. त्याच्या आत हे ठरवायला हवं.